आधी घोड्या मोजा : सोलापूरच्या प्राणीमित्रांना आणि घोडेमालकांना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

लग्नसराई उतरली की शहराच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर आणि माळावर सुटे घोडे दिसायला लागतात आणि तुमच्यातला वादही तेव्हाच पेटतो. एक बाजू म्हणते, मुकं जनावर आहे, राहू द्या मोकळं, निसर्ग बघून घेईल. दुसरी म्हणते, टेम्पोत घाला, लांब माळावर सोडून या, फार तर दोन-चार नर खच्ची करा. मी या जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझं दोन्ही बाजूंशी भांडण आहे. घोडेमालकांनाही हे पत्र आहेच, कारण सुटे घोडे काही आभाळातून पडत नाहीत.

वाद घालताना तुम्ही एकमेकांवर आकडे फेकता. कुणी वीस म्हणतं, कुणी पन्नास. त्या वीस-पन्नासात घोड्या किती, हे मात्र कुणीच सांगत नाही. पुढच्या दहा वर्षांत काय होणार ते त्या एका आकड्यावर ठरतं. बाकीचे आकडे फारसे कामाचे नाहीत.

घोडी साधारण दोन वर्षांची झाली की माजावर येते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्यांदा विते. पोट अकरा महिन्यांचं. एका वेताला एक शिंगरू. जुळी क्वचित राहतात आणि राहिली तरी क्वचितच जगतात. इथवर ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. कुत्रीला एका वेताला पाच-सहा पिल्लं होतात, त्यापुढे हे काय, असं वाटतं. पण घोडी व्यायल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. शिंगरू अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. धडधाकट घोडीला वर्षाला एक शिंगरू देणं अवघड नाही, आणि हे ती पंधरा वर्षांची होऊन गेली तरी चालू राहतं. थंड मुलखात घोड्या दिवस मोठे व्हायला लागले की माजावर येतात, त्यामुळे पुढच्या वसंतात, गवत कोवळं असताना, शिंगरं जन्मतात. सोलापूरला उन्हाळ्या-हिवाळ्याच्या दिवसाच्या लांबीत तेवढा फरक नाही, म्हणून आपल्याकडे ही वेळ तितकी घट्ट बांधलेली नसते. भर एप्रिलात, पारा बेचाळीसच्या वर असताना, माळावर विलेली घोडी मी पाहिलेली आहे. तिचं दूध दोन दिवसांत आटलं.

रानात या वेगाला आवर घालतं ते घोडीच्या अंगावरचं मांस. बरगड्या दिसत असताना पाजणारी घोडी माज चुकवते, नाहीतर गर्भ टिकवत नाही. एक वर्ष विते, एक वर्ष भाकड जाते. आता तुमच्यातले जे रोज शिळ्या भाकऱ्या, ब्रेड, हॉटेलातला उरलेला भात घेऊन जातात, त्यांनी राग मानू नये. त्या खाण्याने दोन गोष्टी होतात. घोड्याला ओकता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकावं लागतं, आणि आंबलेलं पीठ, त्यात प्लास्टिक, म्हणजे पोटशूळाला आमंत्रण. दुसरं, ज्या घोडीला वर्षभर आयतं मिळतं ती भाकड वर्ष घेतच नाही. दया म्हणून घातलेली भाकरी पुढच्या वर्षीच्या शिंगराच्या रूपाने रस्त्यावर येते.

याचा हिशेब मोठ्या प्रमाणावर कुणी मांडला असेल तर तो अमेरिकेने. तिथे १९७१ साली कायदा करून मोकळ्या घोड्यांना आणि गाढवांना संरक्षण दिलं. त्या घोड्यांना मोठा शिकारी फारसा उरलेला नाही; नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या एका डोंगराळ भागात प्यूमा नावाचं मोठं रानमांजर शिंगरं मारतं, तिथे मात्र कळप बराच काळ वाढलाच नाही. बाकी ठिकाणी मोठे घोडे सहसा मरत नाहीत, शिंगरंही बहुतेक जगतात. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१३ साली अहवाल दिला, त्यात वाढीचा वेग वर्षाला १५ ते २० टक्के धरला आहे. वीस टक्के म्हणजे चार वर्षांत दुप्पट. आज दहा असतील तर दहा वर्षांत साठ. जमिनीला पेलवतील असे घोडे-गाढवं मिळून सुमारे २७ हजार, असा सरकारी अंदाज होता. २०२० पर्यंत ती संख्या ९५ हजारांच्या घरात गेली. मग पकडून कुरणांत आणि आवारांत ठेवलेली जनावरंही पुढे ६० हजारांवर गेली, आणि या कामाच्या पैशांतला मोठा वाटा त्यांच्याच चाऱ्यावर जाऊ लागला.

त्याच अहवालातली एक गोष्ट "टेम्पोत घाला" म्हणणाऱ्यांनी नीट वाचावी. थोडेसे घोडे उचलून नेले की मागे राहिलेल्यांच्या वाट्याला गवत जास्त येतं. गवत जास्त, म्हणून घोड्या अंगाने भरतात, शिंगरं जगतात, आणि कळप पुन्हा तेवढ्याच जोरात वाढतो. अर्धवट उचल म्हणजे वाढीला खतपाणी.

आता खच्चीकरणाकडे येतो. ही तुमची सर्वांत आवडती सूचना, कारण नर खच्ची करणं सोपं आणि स्वस्त. मोकळ्या घोड्यांचा कळप म्हणजे एक नर, दोन-चार-सहा घोड्या आणि त्यांची शिंगरं. बाकीचे नर टोळकं करून बाहेर हिंडतात आणि संधीची वाट बघतात. म्हणजे निम्म्याहून अधिक नर एरवीही बापपणाच्या यादीत नसतातच. तुम्ही सहातले पाच खच्ची केलेत तर सहावा उरलेलं सगळं काम आनंदाने अंगावर घेईल. नेवाडातल्या घोड्यांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा असं निघालं होतं की कळपातल्या जवळजवळ एक-तृतीयांश शिंगरांचा बाप त्या कळपाचा नर नव्हताच. कळपाच्या नराला बाजूला काढलं म्हणजे घोड्या रिकाम्या राहतील, या समजुतीला इथेच तडा गेला.

म्हणून खच्ची करायचे असतील तर सगळे करा, एकही न सोडता, आणि वर्षभराच्या शिंगरांतले नरही पुढच्या वर्षी विसरू नका. छोट्या, बाहेरून नवा नर न येणाऱ्या टोळीत हे जमू शकतं, आणि आपल्या शहराच्या कडेच्या टोळ्या तशा छोट्याच आहेत. पण एखाद्या मालकाचा धट्टाकट्टा नर रात्री दावं तोडून किंवा सोडून दिल्यामुळे तिथे पोचला, की झालं.

घोडीवर उपाय नाही असं नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ असाटीग नावाचं बेट आहे. तिथल्या घोड्यांना १९९० च्या दशकात गर्भ राहू न देणारी लस बंदुकीच्या सुईने मारायला सुरुवात झाली. डुकराच्या बीजांडाच्या आवरणातल्या प्रथिनापासून केलेली ही लस. ती टोचल्यावर घोडीचं शरीर स्वतःच्या बीजांडाच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि फळणं होत नाही. दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. कळप हळूहळू उतरला, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. लस न दिलेल्या घोड्या तिथे सरासरी साडेसहा वर्षं जगत होत्या. तीन किंवा अधिक वर्षं लस मिळालेल्या घोड्या सरासरी वीस वर्षांच्या आसपास गेल्या. दरसाल गाभण, दरसाल पाजणं, याची किंमत घोडी आयुष्याने भरते. त्यात एक गंमतही आहे, म्हणजे हिशेब करणाऱ्याची पंचाईत: घोड्या जास्त जगल्यामुळे कळप उतरायला अपेक्षेपेक्षा जास्त वर्षं लागली. ही लस आपल्या तालुक्याच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये मिळणार नाही, म्हणून मी तिच्यावर जोर देत नाही. पण घोडीला विश्रांती देणं ही तिच्यावर दया आहे, एवढं त्या बेटावरून कळतं.

"निसर्ग बघून घेईल" म्हणणाऱ्यांसाठी तीन ठिकाणं सांगतो.

कॅनडाजवळ सेबल नावाचं वाळूचं बेट आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या घोड्यांना हात लावायचा नाही असा कायदा आहे. चारा नाही, औषध नाही, पकडणं नाही. पाचशेच्या आसपास घोडे आहेत आणि निसर्ग खरंच बघून घेतो: कडक हिवाळ्याच्या शेवटी, म्हातारे आणि वर्षाच्या आतले आधी मरतात. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमजवळ उस्टफार्डर्सप्लासेन नावाच्या कुंपणाच्या राखीव क्षेत्रात घोडे, रानगुरं आणि हरणं मोकळी सोडली होती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात सुमारे पाच हजारांपैकी तीन हजारांहून अधिक जनावरं गेली. बहुतेकांना उपासाने मरायच्या आधी गोळी घालावी लागली. लोक कुंपणावरून गवताचे भारे टाकत होते. कुंपण घातल्यावर निसर्गाचा हिशेब असाच होतो.

तिसरं ठिकाण मला सर्वांत शिकवून गेलं. मंगोलियाच्या गोबीत प्रझेवाल्स्की घोडा, म्हणजे कधीच पूर्ण माणसाळला न गेलेला रानघोडा, १९६९ नंतर दिसेनासा झाला होता. रानातून पकडलेल्या जेमतेम बारा घोड्यांच्या वंशावर प्राणिसंग्रहालयांनी तो टिकवला आणि १९९२ पासून पुन्हा मंगोलियात सोडला. २००९-१० चा हिवाळा तिथे भयंकर पडला. गोबीच्या एका भागातले १३७ पैकी ४८ घोडे वाचले. त्याच मुलखात, त्याच बर्फात राहणारी रानगाढवं मात्र फारशी मेली नाहीत. ती उठली आणि जिथे बर्फ कमी होतं तिकडे लांब निघून गेली. घोडे आपल्या ओळखीच्या छोट्या टापूत थांबले.

आता हे सोलापूरला लावा. पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरचा, तोही हुलकावण्या देत पडणारा. फेब्रुवारीनंतर माळ पिवळा. आपल्या सुट्या घोड्यांना जायला जागा कुठे आहे? एकीकडे महामार्ग, दुसरीकडे वस्ती, तिसरीकडे उसाला तारेचं कुंपण. चालत जाऊन जीव वाचवायची वाट आपण बंद केलेली आहे. अशा जनावराला रानातलं म्हणणं ही फसवणूक आहे. ते घोडं कुणाचं तरी होतं आणि आता कुणाचंच नाही, एवढंच खरं.

"लांब माळावर" म्हणजे कुठे, हेही एकदा मोठ्याने बोला. लांबचा माळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नान्नजच येतं. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते आणि आपल्याकडे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही पक्षी दिसण्याची खात्री देता येत नाही. सावकाश वाढणाऱ्या, दीर्घायुषी प्राण्यात मोठी मादी मेली की ते नुकसान पुढे कितीही अंडी वाचवून भरून निघत नाही, हे नान्नजने आपल्याला दाखवलेलं आहे. त्या गवतावर आता वर्षाला वीस टक्क्यांनी वाढणारं, दिवसाचे पंधरा-सोळा तास चरणारं जनावर नेऊन सोडायचं? वनखात्याने कोंडून परत पाठवले तर मी वनखात्याच्या बाजूने उभा राहीन.

वाढ नेहमीच एवढी भरधाव असते असंही नाही. कच्छच्या छोट्या रणातली आपली रानगाढवं १९६० च्या सुमाराला सर्रा आणि आफ्रिकन हॉर्स सिकनेस या रोगांनी धडाधड मेली. त्या दशकाच्या शेवटी चारशेहूनही कमी उरली. २०२४ च्या गणनेत ती ७,६७२ भरली. पंचावन्न वर्षांत वीसपट, म्हणजे वर्षाला सरासरी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तिथे दुष्काळ आहे, खारी जमीन आहे, कोणी ब्रेड टाकत नाही. सर्रा मात्र आपल्याकडेही आहे, चावऱ्या माश्यांनी पसरतो, आणि ज्याला कुणी मालक नाही त्या घोड्याचा ताप कोण बघणार? ग्लँडर्स या जिवाणूंच्या रोगाची तर गोष्टच वेगळी. तो माणसालाही होतो, आणि घोड्यात सापडला तर कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. पकडलेल्या प्रत्येक घोड्याचा रक्तजल नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेल्याशिवाय त्याला दुसऱ्याच्या तबेल्यात नेऊन बांधू नका.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग सगळेच खच्ची करून टाकू, प्रश्न संपला. तिथे थांबा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून ३ लाख ४० हजारांच्या आसपास भरली, आणि आधीच्या गणनेपेक्षा ती ४५ टक्क्यांनी कमी होती. आपल्या भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याच्या पाठीवर धनगरांचा संसार आणि नुकतीच जन्मलेली कोकरं अजूनही माळोमाळ फिरतात, त्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. ठेंगणा, काटक, खडकाळ वाटेवरही न अडखळणारा. अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक उंची बघतं, रंग बघतं, पंचकल्याण, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, आहे का बघतं, अंगावरचे केसांचे भोवरे तपासतं. त्या रांगेत भीमथडी मागेच राहतो. वरातीला मारवाडी घोडी पाहिजे, मग देशी घोडीला तोच उंच नर दाखवला जातो. अशाने जात तुटायला फार पिढ्या लागत नाहीत. प्रझेवाल्स्कीच्या बारांचं उदाहरण वर दिलं ते यासाठीच: थोड्या माद्या आणि त्याहून थोडे नर उरले की पुढे प्रत्येक लग्न नात्यातच होतं. रानात वयात आलेली घोडी आणि घोडा दोघंही जन्मकळप सोडून जातात, त्यामुळे हे टळतं. दावणीला ते आपणच बघावं लागतं. सुट्या घोड्यांत भीमथडी बांध्याचा चांगला नर सापडला तर त्याच्यावर सुरी चालवण्याआधी एखाद्या जाणत्या धनगराला आणि पशुसंवर्धन विभागाला दाखवा.

आता घोडेमालकांशी दोन शब्द. कडबा महाग आहे, हरभरा महाग आहे, नालबंद शोधावा लागतो, लग्नाचे मुहूर्त संपले की घोडी नुसती खाते, हे मला कळतं. तरी सुट्या घोड्यांचा हा सगळा प्रश्न तुमच्या दावणीपासून सुरू होतो. नर पाळायचा असेल तर तो बांधून पाळा, नाहीतर खच्ची करून घ्या. खच्ची घोडा वरातीत उलट शांत चालतो. घोडी सोडायचीच वेळ आली तर गाभण सोडू नका. तिच्या मानेत टोचायची ओळखीची चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती लावून घ्या म्हणजे उद्या कोंडवाड्यात गेली तर तुमचीच आहे हे दाखवता येईल. १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा गुरांइतकाच घोड्यांनाही लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आषाढीत पुरंदवडे, खुडूस, बाजीराव विहीर इथल्या रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. घरच्या घोडीला निदान पावसाळाभर दावणीला चारा द्यायला तेवढी भक्ती पुरेशी आहे.

प्राणीमित्रांनो, पकडायची वेळ येईल तेव्हाचं एक सांगून ठेवतो. न्यूझीलंडमध्ये कायमानावा भागातल्या मोकळ्या घोड्यांवर एक अभ्यास झाला. ज्या घोड्यांची, म्हणजे माद्यांची, एकमेकींशी घट्ट सोबत होती त्यांना शिंगरं जास्त झाली आणि ती जगलीही जास्त. त्या एकमेकींच्या बहिणी नव्हत्या तरी. तेव्हा टोळी उचलताना जी घोडी जिच्या अंगाला अंग लावून उभी राहते तिला तिच्याबरोबरच न्या. एक अक्कलकोटला आणि एक बार्शीला, असं वाटप करू नका. अंगावर पिणारं शिंगरू असेल तर दोघांना एकाच गाडीत, आणि सहा महिन्यांआधी तोडू नका. चीक न मिळालेलं शिंगरू तुम्ही बाटलीने जगवायला घ्याल, फोटो छान येतील, पण त्यातली बहुतेक पहिल्या काही दिवसांत जातात.

मोजणीला निघणार असाल तर उजाडताच निघा. ऊन चढलं की घोडे सावलीला जातात आणि आकडा कमी भरतो. वहीत चार रकाने करा: घोडी, अंडील (खच्ची न केलेला) नर, खच्ची नर, वर्षाच्या आतलं शिंगरू. घोडीपुढे ती गाभण, पाजती की भाकड ते लिहा. कपाळावरचा पांढरा टिळा, पायांवरचे पांढरे मोजे, भोवरे यांची खूण टिपा, म्हणजे एकच घोडी विजापूर रोडला आणि पुन्हा होटगी रोडला मोजली जाणार नाही. दरवर्षी त्याच महिन्यात मोजा. गाभण आहे की नुसतं पोट सुटलंय हे ओळखता आलं नाही, तर मला बोलवा, मी येतो.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, सोलापूर